बालेवाडीची वाट आणि एक लाकडी पेटी

दिवस मावळतीला लागला होता. बेळगाव स्थानकाच्या फलाटावर गोवा एक्सप्रेसची वाट पाहत आम्ही दोघे उभे होतो; एक आम्ही स्वतः आणि दुसरे आमचे मेहुणे, म्हणजे आमच्या धाकट्या बहिणीचे यजमान. सन २०१४ च्या मार्च महिन्यातला तो राखेचा बुधवार. सकाळच्या मिस्सात फादरांनी कपाळावर लावलेली राख मेहुण्यांनी पुसली नव्हती. पाठीला एक पिशवी, आणि छातीशी दोन्ही हातांनी धरलेली, जुन्या पंचात गुंडाळून सुतळीने आवळलेली एक लहानशी पेटी, एवढेच त्यांचे सामान.

गाडीत बसल्यावर समोरच्या बाकावरील एका वृद्ध गृहस्थांनी त्या गाठोड्याकडे बराच वेळ निरखून पाहिले आणि मोठ्या आदराने विचारले, "पेटी वाजवता वाटतं आपण?"

आमच्या मेहुण्यांना पटकन उत्तर सुचले नाही. ते व्यवसायाने सुतार. देवळातल्या गायकमंडळाच्या पेटीला त्यांनी एकदा नवे झाकण करून दिले होते, तेवढाच त्यांचा संगीताशी संबंध. शेवटी ते म्हणाले, "नाही हो काका. ही वाजत नाही. ही मुलाची आहे. पुण्याला पोचवायची आहे."

ही पेटी कसली आणि ती त्या रात्री पुण्याला पोचणे इतके निकडीचे का होते, हे वाचकांना सांगितल्याशिवाय आमच्या प्रवासाला अर्थ येणार नाही. म्हणून थोडे मागे जातो.

आमचा भाचा त्या वेळी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या तिसऱ्या वर्षात शिकत होता. त्याच्या महाविद्यालयातील मुलांनी रोबोकॉन नावाच्या स्पर्धेत भाग घेतला होता. आशिया आणि पॅसिफिक भागातील नभोवाणी व दूरचित्रवाणी संस्थांचा एक संघ आहे. त्याने सन २००२ पासून ही स्पर्धा सुरू केली आणि पहिला मेळा टोकियो येथे भरला. प्रत्येक देशातून जिंकलेला संघ पुढे आंतरराष्ट्रीय स्पर्धेला जातो. आपल्या देशात ह्या स्पर्धेचा भार दूरदर्शन वाहते, आणि त्या काळी राष्ट्रीय स्पर्धा पुण्याजवळ बालेवाडी येथे भरत असे. दरवर्षी यजमान देश एक नवा खेळ ठरवतो. मुलांनी वर्षभर खपून तो खेळ खेळू शकणारे यंत्रमानव स्वतःच्या हातांनी घडवायचे, आणि तीन मिनिटांच्या सामन्यात त्यांची परीक्षा द्यायची.

यजमानपद पुण्याकडे प्रथम सन २००८ मध्ये आले, तेव्हा खेळ बेतला होता तो गोकुळाष्टमीच्या दहीहंडीवर. सन २०१४ मध्ये ते पुन्हा पुण्याकडे आले आणि ह्या वेळचा विषय होता मातापित्यांना वंदन. दोन यंत्रमानव, एक पालक, दुसरे मूल. पालकाने मुलाला उचलून बागेत न्यायचे, सीसॉवर बसवून वरखाली झुलवायचे, खांबांवरून चालायला लावायचे, झोपाळ्यावर बसवून झोका द्यायचा, आणि शेवटी मुलाने लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर आपले आपण चढून जायचे. जो संघ ही सर्व कामे आधी पुरी करील त्याने 'शाबास' मिळवली असे म्हणायचे. हा आपला घरगुती शब्दच त्या खेळाच्या नियमांत विजयाचे नाव म्हणून घातला होता. ही कल्पना ज्या कोणाला सुचली असेल, त्याने घरात मुले वाढवलेली असावीत.

आता ह्या खेळात मुलाच्या यंत्राची अडचण ध्यानात घ्या. पालकाला ते उचलायचे आहे, म्हणून ते हलके हवे. ते झोपाळ्यावर मावायला हवे, म्हणून लहान हवे. शिवाय पुढे त्याला आपल्या बुद्धीने चालायचे आहे, म्हणून त्याच्या पोटात त्याचा मेंदू हवा. हा मेंदू म्हणजे विजेच्या तारा जोडलेली एक हिरवी पाटी, मोटरींना कमीअधिक वीज सोडणाऱ्या दोन तापट पाट्या, एक फ्यूज, आणि डोळ्यांचे काम करणाऱ्या सेन्सरांकडून येणाऱ्या बारीक तारांचा जुडगा. हे सगळे उघडे ठेवून चालत नाही. यंत्राच्या सांगाड्याला भोक पाडताना ॲल्युमिनियमचा एखादा बारीक कीस त्या पाटीवर पडला, तरी दोन तारा नको तिथे जुळतात आणि महिन्याची मेहनत क्षणात जळून जाते. म्हणून मेंदूला कवटी लागते. देवाने माणसाच्या बाबतीत हे काम आधीच करून ठेवले आहे. ह्या मुलांना ते नव्याने करायचे होते.

जानेवारीत भाचा सुट्टीला घरी आला तेव्हा ह्या कवटीचा विषय निघाला होता. मेहुणे म्हणाले, "मी करून देतो की. पातळ प्लायवूडची."

भाचा हसला. वाईट मनाचा मुलगा नव्हे तो. पण वय विशीचे. म्हणाला, "पप्पा, ही काही भांड्यांची पेटी नाही. लाकडाची पेटी बघून सगळे हसतील. आम्ही ॲक्रिलिकची करणार आहोत."

मेहुणे काही बोलले नाहीत. रंधा उचलून कामाला लागले. पण रात्री जेवताना बहीण आम्हांला हळूच म्हणाली, "दादा, आज ह्यांनी दुसरी भाकरी घेतली नाही." सुताराच्या घरातला मुलगा इंजिनीअर होतो आहे ह्याचा बापाला अभिमान होताच. त्यासाठी त्यांनी कर्ज काढले होते. परंतु आपल्या हातांचे आता मुलाला काही काम उरले नाही, हे त्यांना त्या दिवशी प्रथम कळले, आणि ते कळणे कर्जापेक्षा जड होते.

मुले यंत्रे घेऊन टेम्पोने पुण्याला गेली, आणि मंगळवारी दुपारी फोन आला. फोन आमच्याकडे आला, घरी नाही, हेही नोंदवण्यासारखे आहे. "मामा, पेटी फुटली. सीसॉवर दणका बसला आणि स्क्रूच्या भोकापासून सगळी भेग गेली. पाट्या वाचल्या आहेत. पण आता..." मग थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. "मामा, तुम्ही पप्पांना विचाराल का?"

आम्ही म्हणालो, "विचारणारे आम्ही कोण? तू विचार." आणि फोन नेऊन मेहुण्यांच्या हाती दिला.

पुढचे संभाषण आम्ही एका बाजूनेच ऐकले. पण ते ऐकून सुतारकाम आणि इंजिनीअरिंग ही सख्खी भावंडे आहेत अशी आमची खात्री झाली. मेहुण्यांनी 'का फुटली' असे विचारले नाही, 'मी सांगत होतो' असेही म्हटले नाही. कानामागची पेन्सिल काढून त्यांनी विचारले, "जागा किती?" लांबी चोवीस सेंटिमीटर, रुंदी पंधरा, उंची दहा. "त्यात रोज काय काढायचं, आणि कधीच काय काढायचं नाही?" भाच्याला हा प्रश्न पुन्हा विचारावा लागला. मेहुणे त्याला समजावीत म्हणाले, "कपाट करताना पहिलं हेच विचारतात बाळा. रोजचं दाराशी, सठीसामासी लागणारं आत." मग ठरले, की बॅटरी पेटीत ठेवायचीच नाही, ती प्रत्येक सामन्यानंतर बदलावी लागते, तेव्हा ती बाहेर पट्ट्याने बांधायची. फ्यूज झाकणाजवळ, बोटाने निघेल असा. मेंदूची पाटी वरच्या मजल्यावर, कारण तिच्यात वारंवार पाहावे लागते. मोटरीच्या तापट पाट्या खाली. "तापतात म्हणजे किती? हात लावून धरवतो का?" धरवत नाही, असे उत्तर आले. "मग त्या लाकडाला टेकवायच्या नाहीत. खाली ॲल्युमिनियमची पट्टी घालू, आणि तिचं टोक भिंतीतून बाहेर काढू, म्हणजे ताप बाहेर जाईल. खालून भोकं, वरून भोकं. गरम हवा चढते; तिला वाट दिली की ती आपली जाते." जाड तारा एका बाजूने आणि बारीक तारा दुसऱ्या बाजूने आत याव्यात, असे भाच्याने सांगितले, मोटरीच्या तारांतला गोंधळ शेजारून जाणाऱ्या बारीक तारांत शिरतो आणि यंत्राला नसलेले काही दिसू लागते. "म्हणजे भांडखोर शेजारी लांब ठेवायचे," मेहुणे म्हणाले, आणि त्या दिवशी बापलेक प्रथमच एकत्र हसले.

मंगळवारी संध्याकाळी त्यांनी पुठ्ठ्याची पेटी केली. पुठ्ठ्याचेच तुकडे कापून पाट्या म्हणून आत मांडून पाहिल्या, तेव्हा झाकण बंद होईना. तारेला वळायला जागाच ठेवली नव्हती. तार जिथे पाटीला मिळते तिथे तिला एकदम मोडून वळवता येत नाही, तिला थोडा पल्ला लागतो. म्हणून मधला मजला बोटभर खाली घेतला. जे पुठ्ठ्यावर चुकले ते लाकडावर चुकले नाही. रात्री चार मिलिमीटरच्या प्लायवूडच्या भिंती आणि सहाचा तळ कापून झाला. कोपऱ्यांना खिळा नाही. दोन हातांची बोटे एकमेकांत गुंतवावी तसा खाचांचा सांधा. त्यांनी आम्हांला समजावले, "खिळा एका जागी धरतो, म्हणून तिथंच फाटतं. हा सांधा सगळ्या कडेनं धरतो. दणका वाटून घेतो." एरवी करवतीने भागले असते असे ते काम, पण खाचा पटाशीने साफ करताना आणि गुण्या लावून कोपरा पुन्हा पुन्हा तपासताना पाहून आम्हांला वाटले, की हे जणू वेदीचे काम चालले आहे. खालच्या चार पायांना त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चकत्या बसवल्या, धक्का शोषून घ्यायला.

बुधवारी सकाळी मिस्साला जाऊन आल्यावर सरस लावला आणि सुतळीने पेटी चारी बाजूंनी आवळली. सरस पुरता वाळायला चोवीस तास हवेत. तेवढे आमच्यापाशी नव्हते. म्हणून ती वाळत वाळतच आमच्याबरोबर पुण्याला निघाली. तर असा हा गाठोड्याचा इतिहास.

घटप्रभा सोडेपर्यंत बाहेर पूर्ण अंधार झाला. उसाच्या फडांवरून येणारा गोडसर वारा खिडकीतून आत येत होता. कुडची सोडल्यावर चाकांचा आवाज एकाएकी पोकळ झाला, तेव्हा कृष्णेचा पूल आला हे न पाहताच कळले. ह्या वाटेने जाणाऱ्या आम्हां सीमेवरच्या लोकांना हा पट्टा फार ओळखीचा. स्थानकांच्या पाट्यांवर आधी कन्नड अक्षरे वरची असतात, मग मराठी. पण फलाटावरचा चहावाला दोन्ही बाजूंना दोन्ही भाषा बोलतो, आणि नदीला तर एकही भाषा लागत नाही.

मिरजेला गाडी बराच वेळ थांबली. समोरचे वृद्ध गृहस्थ इथेच उतरायचे होते. आता त्यांना सगळी हकीकत समजली होती. मिरज हे सतारी आणि तंबोरे बनवणाऱ्या कारागिरांचे गाव. काका उठता उठता म्हणाले, "आमच्याकडे तंबोऱ्याचा भोपळा बाहेरून सगळे बघतात. पण सूर आतल्या पोकळीत असतो. तुमची पेटीही तसलीच म्हणायची." मग त्यांनी डब्यातला लाडू पुढे केला. आमचा उपवास होता. मेहुण्यांनी कपाळाकडे बोट दाखवून हात जोडले. काकांनी तो लाडू कागदात बांधून दिला आणि म्हणाले, "मग उद्या मुलाला द्या."

मध्यरात्र उलटल्यावर बहिणीने दिलेली भाकरी आणि वांग्याची भाजी आम्ही खाल्ली. मेहुणे त्या रात्री झोपले नाहीत. पेटी मांडीवर घेऊन बसून राहिले. एकदा आम्ही म्हटले, "वर ठेवा ना, फळीवर." तर म्हणाले, "गाडी हलते. सांधा ओला आहे." मूल लहान असताना तापात होते, तेव्हाही ते असेच बसलेले आम्ही पाहिले होते.

पुणे पहाटेच्या अंधारात आले. स्थानकावरच तोंडे धुतली, चहा घेतला आणि उजाडल्यावर बस धरली. शिवाजीनगर, विद्यापीठाचा चौक, मग बाणेर. डावीकडे टेकडी, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना उंच इमारतींच्या मधोमध अजून तग धरून असलेली एखादी जुनी विहीर, एखादे चिंचेचे झाड. मुळा नदीच्या काठचा हा एके काळचा शेतीचा मुलूख. इथे सन १९९४ च्या राष्ट्रीय खेळांसाठी श्री शिवछत्रपती क्रीडानगरी उभी राहिली. सन २००८ मध्ये राष्ट्रकुलातील युवकांचे खेळही इथेच झाले. शेजारूनच मुंबईहून बंगळुरूला जाणारा महामार्ग धडाडत असतो. त्याकडे पाहून मेहुणे म्हणाले, "हाच रस्ता आपल्या बेळगाववरून जातो ना?" आम्ही होय म्हटले. परक्या गावी गेल्यावर माणूस आपल्या गावाचा धागा असा शोधत असतो.

क्रीडानगरीत शिरलो आणि आमच्यासारख्या म्हाताऱ्या डोळ्यांना दिपवून टाकणारा तो मेळा दिसला. देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेली मुले. कोणी खोक्यावर डोके ठेवून झोपलेले, कोणी जमिनीवर मांडी घालून कानस चालवीत असलेले, कोणी हातात तार धरून देवाचा धावा करावा तसे तिच्याकडे पाहणारे. हिंदी, तमिळ, गुजराती, मराठी अशा सगळ्या भाषा एकमेकींत मिसळलेल्या. पण 'पाना दे' आणि 'फ्यूज गेला' हे सगळ्यांना सारखेच कळत होते. ओळखपत्र नसलेल्यांना मुलांच्या कामाच्या जागेत प्रवेश नव्हता. दोरीच्या पलीकडे भाचा धावत आला. तीन रात्री जागलेले डोळे, वाढलेली दाढी.

मेहुण्यांनी गाठोडे दोरीवरून त्याच्या हाती दिले. म्हणाले, "दहा वाजेपर्यंत सुतळी सोडू नको." आणि वर तो लाडू दिला. एवढेच बोलणे झाले. आपल्याकडचे बाप ह्याहून अधिक बोलत नाहीत, आणि मुलेही नाहीत. भाचा वळला, पुन्हा मागे आला, बापाच्या हातावर सरसाचे वाळलेले पापुद्रे होते त्यांकडे पाहिले, आणि गेला.

आम्ही दोघे प्रेक्षकांच्या सज्जात जाऊन बसलो. खाली मोठ्या दिवाणखान्यात खेळाची बाग मांडली होती. एक अर्धी तांबडी, एक अर्धी निळी. त्यात सीसॉ, ओळीने उभे खांब, झोपाळे आणि नळ्यांचे सांगाडे. एरवी हे सारे मुलांच्या बागेत पाहिले की मन हलके होते. इथे मात्र शिट्टी वाजली की शेकडो माणसे श्वास रोखत. कोणाचे मूल सीसॉवरून घसरले, कोणाचे खांबाच्या टोकाशी जाऊन एक पाय हवेत ठेवून तसेच थांबले. एका संघाचे पालकयंत्र मुलाला उचलायलाच विसरले आणि रिकाम्या हातांनी पुढे निघून गेले, सज्जातली एक बाई कळवळून "अगं बाई!" म्हणाली. यंत्रासाठी माणसाच्या तोंडून असा उद्गार निघालेला आम्ही पहिल्यांदाच ऐकला.

आमच्या मुलांचा सामना दुसऱ्या दिवशी होता. तांबड्या बाजूने त्यांची यंत्रे उभी राहिली. मांडणीसाठी एक मिनिट, मग शिट्टी. पालकयंत्राने मुलाला सावकाश उचलले आणि सीसॉच्या फळीवर ठेवले. फळी खाली गेली, दणका बसला. वर गेली, पुन्हा खाली. मेहुण्यांचा हात आमच्या मनगटावर होता, आणि प्रत्येक दणक्याला ती पकड घट्ट होत होती. तीन दिवसांपूर्वी ह्याच जागी पहिली पेटी फुटली होती. ह्या खेपेस मूल थांबले नाही. खांबांवर त्याने पहिले पाऊल टाकले, दुसरे, तिसरे. आम्हांला ती पेटी कुठेच दिसत नव्हती. ती पत्र्याच्या सांगाड्याआड, मुलाच्या पोटात होती. दिसत होते ते एवढेच, की मूल चालत आहे.

झोपाळ्याचे झोके होईपर्यंत तीन मिनिटे संपत आली, आणि सांगाड्याच्या पहिल्या पायरीवर शिट्टी झाली. 'शाबास' मिळाली नाही. पण गुणांवर तो सामना आमच्या मुलांनी जिंकला. पुढचा सामना मात्र ते हरले. दिवाणखान्यातल्या प्रखर दिव्यांचा प्रकाश जमिनीवरून परावर्तित होऊन सेन्सरांत शिरला, आणि खांबांच्या टोकाशी येऊन मूल भलतीकडे वळले. डोळे दिपल्यावर माणसाचेही असेच होते. स्पर्धा तिथे संपली.

संध्याकाळी दोरीपाशी भाचा आला तो यंत्राचे पोट उघडून, पेटी हातात घेऊनच. तोंड उतरलेले होते. आम्ही काहीतरी सांत्वनाचे बोलणार, इतक्यात तो बापाला म्हणाला, "पप्पा, एकही सांधा हलला नाही. एक तारसुद्धा सुटली नाही. शेजारच्या संघातली मुलं माप घ्यायला आली होती." मग झाकण उघडून, दिव्याकडे धरून त्याने विचारले, "आणि हे काय?"

तळाशी, मधल्या मजल्याखाली, जिथे कोणाचे लक्ष जायचे कारण नाही अशा कोपऱ्यात पेन्सिलीने काढलेला बोटाच्या पेराएवढा क्रूस होता. मेहुणे ओशाळले. म्हणाले, "मी प्रत्येक कामात घालतो. कपाटाच्या मागे, टेबलाच्या खाली. गिऱ्हाइकाला दिसत नाही." भाच्याने विचारले, "घरच्या कपाटामागेही आहे?" "आहे की. तुझ्या पाळण्यालाही होता." मुलगा बराच वेळ त्या पेटीकडे पाहत राहिला. मग सगळ्या लोकांदेखत, दोरीवरून वाकून, त्याने वडिलांच्या पायांना हात लावला. विशीतला मुलगा, दोन महिन्यांपूर्वी लोक हसतील म्हणून घाबरलेला.

वाचकहो, आम्ही त्या खेपेला पुण्यात दुसरे काही पाहिले नाही. शनिवारवाडा नाही, पर्वती नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये देशोदेशीचे संघ पुण्याला आले आणि व्हिएतनामच्या लाक होंग विद्यापीठाने अजिंक्यपद नेले, हे आम्ही नंतर ऐकले. पुढे आपल्या देशातली ही स्पर्धा दिल्लीला गेली. सन २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धेचे यजमानपद दिल्लीकडे आले, तेव्हा खेळ निवडला होता लगोरीचा. भाचा आता नोकरीत आहे, त्याचे कर्ज फिटले आहे, आणि कारखान्यात यंत्रांच्या विजेच्या पेट्यांचे आराखडे करणे हेच त्याचे काम आहे. नव्या मुलांना तो पहिला प्रश्न विचारतो, असे ऐकतो: "रोज काय काढायचं, आणि कधीच काय काढायचं नाही?"

परतल्यावर दोन आठवड्यांच्या आत १९ मार्च आला, संत योसेफचा सण. फादरांनी प्रवचनात सांगितले, की शुभवर्तमानांत संत योसेफच्या तोंडचा एकही शब्द नोंदलेला नाही. तो ऐकतो, उठतो, बाळाला आणि आईला घेऊन निघतो, आणि काम करतो. नाझरेथच्या त्या घरात कितीतरी वर्षे जे घडत होते ते जगाला दिसले नाही. जगाला दिसले ते नंतर, मुलगा चालू लागल्यावर. आम्ही बाकावर शेजारी बसलेल्या मेहुण्यांकडे पाहिले. ते आपल्या बोटांच्या पेरांकडे पाहत होते. तिथे सरसाचा एक पापुद्रा अजून तसाच चिकटलेला होता.

आपल्या घराघरांत असे बाप आहेत आणि अशा आयाही. मुले शिकतात, दूर जातात, आपल्याला न कळणारे शब्द बोलू लागतात. तेव्हा आपले काम संपले असे आपल्याला वाटते. ते संपलेले नसते. ते आत गेलेले असते. आणि मुलांनीही केव्हातरी झाकण उघडून, दिव्याकडे धरून, तळाशी काय लिहिले आहे ते पाहावे.

ती पेटी आज आमच्या बहिणीच्या घरी, पवित्र कुटुंबाच्या तसबिरीखालच्या फळीवर आहे. आतल्या पाट्या केव्हाच निघाल्या. आता तिच्यात जपमाळा आणि मेणबत्त्या असतात. गेल्या नाताळात शेजारचे एक लहान मूल आले, तिच्यावर बोटे नाचवून म्हणाले, "ही पेटी वाजत का नाही?" मेहुणे हसले आणि त्याला उचलून घेत म्हणाले, "वाजली होती रे एकदा. बालेवाडीला."